सहाशे अकरा फोल्डर

“...आणि आतल्याच्या आत जे आहे ते? तेही एकदम दिसतं का, महाराज?”

निरंजनबुवांनी मान हलवली. दिसतं.

“सगळं? अगदी शेवटच्या फोल्डरापर्यंत?”

पुन्हा मान.

डॉ. मुकुंद गलगले यांनी हातातली वही टेबलावर ठेवली. ठेवली म्हणण्यापेक्षा आपटली.

“तीन दिवस,” ते म्हणाले. “तीन दिवस मी तुमच्या डोळ्यांसमोर एकेक फोल्डर उघडतोय, त्याचं नाव वहीत उतरवतोय, बंद करतोय, पुढचा उघडतोय. मधेच विसरतो कुठून आत शिरलो होतो ते. मग पुन्हा पहिल्यापासून. आणि तुम्ही समोर बसून शेंगा सोलताय. तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलं नाहीत.”

गलगल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. संताप आला की ते चष्मा पुसत. चौतीस वर्षांच्या प्राध्यापकीत त्यांनी कोणावर आवाज चढवला नव्हता. चष्म्याच्या काचा मात्र तीनदा बदलाव्या लागल्या होत्या.

बुवांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. त्यांचा आवाज हल्ली वाळक्या पानांवर पाय पडावा तसा यायचा, म्हणून ते दोन शब्दांत भागेल तिथे तिसरा वापरत नसत. गळ्यात गाठ होती. गुरुवारी शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. स्वरयंत्रच काढावं लागेल, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही.

आज मंगळवार होता.

भोरटेकच्या टेकडीवरच्या या मठात एकशे चाळीस पदं गातात. गात असत, असं म्हणायला हवं. शब्द एका जाड बाडात लिहिलेले आहेत, ते कुठे जात नाहीत. पण प्रत्येक पदाची चाल निराळी, आणि ती कोणी कधी कागदावर उतरवली नाही. बुवा ती त्यांच्या गुरूंच्या पायाशी बसून वीस वर्षं शिकले. बरोबरीने शिकलेले दोघे केव्हाच गेले. आता उत्सवात खालच्या गावची भजनी मंडळी येतात आणि एकशे चाळीसच्या एकशे चाळीस पदं एकाच चालीत बडवून काढतात.

चाली फक्त बुवांच्या गळ्यात होत्या.

सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गलगले मठात आले, त्यांनी अनुग्रह घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “महाराज, हे मी जपून ठेवतो. शास्त्रशुद्ध.”

बुवा म्हणाले होते, “ठेवा.”

त्यावर सहा वर्षं गलगल्यांनी मान वर केली नव्हती.

“उद्या सकाळी दहाला संग्रहालयाची माणसं हे बघायला येतायत,” ते आता सांगत होते. खरं तर हे ते कालपासून अकराव्यांदा सांगत होते. “दोघं आहेत. त्यातल्या बाई फार काटेकोर आहेत म्हणे. त्यांना संपूर्ण रचना एका नजरेत दिसली पाहिजे. कागदावर. नाहीतर त्यांना वाटेल मी इथे सहा वर्षं नुसता...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कुठलंही भय ते शेवटच्या शब्दापर्यंत नेत नसत.

स्वयंपाकघराच्या दारातून अंबूताई डोकावल्या. मठाचा स्वयंपाक तीस वर्षं त्यांच्याकडे होता, आणि मठात कोणाला काय बोलायचं याचा अधिकारही.

“बुवांना बोलतं करू नका हो, डॉक्टर! डॉक्टरनं सांगितलंय!”

“मी कुठे बोलतं करतोय? ते उत्तरच देत नाहीत!”

“मग बरंय,” असं म्हणून अंबूताई आत गेल्या.

बुवा उठले आणि संगणकासमोरच्या खुर्चीवर बसले. मठाचा हा एकुलता एक संगणक. उत्सवाची पत्रकं यावरच छापायची, आणि गलगल्यांची सहा वर्षं यातच होती. बुवा पूर्वाश्रमी एका कचेरीच्या संगणक विभागात नोकरीला होते. तेव्हा माऊस नव्हता, चित्रं नव्हती. पडदा काळा, अक्षरं हिरवी. जे हवं ते लिहून मागायचं.

त्यांनी दोन कळा दाबल्या आणि पडदा काळा झाला.

गलगले खुर्चीजवळ सरकले.

“महाराज... गेलं का सगळं?”

“आहे.”

“इथे एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर पुसलं जातं म्हणे.”

“पुसायला निराळी अक्षरं लागतात.”

बुवांनी दोनच अक्षरं टाइप केली. पडद्यावर नऊ नावं उमटली. राग. अंग. ताल. प्रहर. ऋतू. प्रसंग. पाठभेद. संकीर्ण. संशयास्पद.

“हे तर मला दिसतंच की!” गलगले म्हणाले. “हा बाहेरचा थर. मला आतलं हवंय.”

बुवांनी ‘राग’मध्ये प्रवेश केला. पुन्हा तीच दोन अक्षरं. अठरा नावं.

“आतलं?”

“हो, पण याच्याही आतलं!”

बुवा अठरातल्या पहिल्यात शिरले. चार नावं. त्या चारातल्या पहिल्यात शिरले. तीन. मग बोटं कळांवर तशीच ठेवून ते शांतपणे गलगल्यांकडे बघत बसले.

“महाराज, हे मी तीन दिवस करतोच आहे!” गलगल्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. “फरक एवढाच, की माझ्या खिडकीत रंग होते. तुम्ही म्हणालात एकदम दिसतं. दिसतं ना? मग दाखवा ना एकदम! एक-एक पायरी कशाला उतरवताय मला?”

“तुम्हीच बांधल्या.”

“काय?”

“पायऱ्या.”

गलगल्यांचा हात चष्म्याकडे गेला.

बुवा मागे फिरले, थेट वरच्या थरावर आले. मग त्यांनी एक शब्द लिहिला. “झाडाचं इंग्रजी नाव आहे,” ते म्हणाले, आणि एवढ्या लांबलचक वाक्याने त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी शब्दापुढे एक छोटी आडवी रेघ आणि एक अक्षर जोडलं.

“हे कशाला?”

“फक्त फोल्डर.”

त्यांनी कळ दाबली.

काळ्या पडद्यावरून नावं धावत सुटली. रेघांना रेघा फुटत होत्या, फांदीला फांदी, तिला डहाळी, डहाळीच्या टोकाला आणखी एक नाव. ‘राग’च्या पोटात ‘पूर्वांगप्रधान’, त्याच्या पोटात ‘विलंबित’, त्यात ‘सायंप्रहर’, त्यात ‘पाठ ब’, त्यात ‘गुरुपरंपरेने भिन्न’. सगळं नीट, ओळीत, एकाखाली एक सरकवून मांडलेलं. गलगले खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. सहा वर्षं ज्या घरात ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चाचपडत फिरत होते, ते घर त्यांना पहिल्यांदा गच्चीवरून दिसत होतं.

धावणं थांबलं. शेवटच्या ओळीत आकडा होता.

सहाशे अकरा फोल्डर.

“सहाशे अकरा,” गलगले पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला ते प्रिंटरकडे वळले. “छापा, महाराज. छापा.”

प्रिंटर बराच वेळ कुरकुरला. अकरा पानं निघाली. गलगल्यांनी ती टाचणीने जोडली आणि उलगडून पाहिली. अंबूताई काढ्याचा पेला घेऊन आल्या तेव्हा त्यांनाही दाखवली.

“बघा, अंबूताई. हे सगळं.”

अंबूताईंनी पानं दूर धरून, डोळे बारीक करून पाहिली.

“किती नावं ही! यातलं बुवांचं कुठलं?”

“सगळंच बुवांचं.”

“असं होय,” अंबूताई म्हणाल्या आणि पेला बुवांच्या हातात दिला. “मला वाटलं, कपाटाच्या कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या आहेत.”

गलगले हसले. अशिक्षित माणसाच्या सरळ बोलण्यावर जेवढं हसायचं तेवढंच. पण हसता हसता त्यांना आठवलं की संग्रहालयाच्या बाईही काटेकोर आहेत.

“महाराज, त्या रेघेमुळे नुसते फोल्डर आले ना? पदं त्यात धरली नाहीत.”

बुवा काढा पीत होते. त्यांनी भुवया उंचावल्या.

“पदंही दिसायला हवीत,” गलगले म्हणाले. “नाहीतर लोक विचारतील, आत काय आहे? ती रेघ आणि ते अक्षर काढलं की फायलीही येतील ना?”

“येतील.”

“मग काढा.”

बुवांनी पेला खाली ठेवला. “काढू?”

“काढा म्हणजे काय, महाराज! काढा!”

बुवांनी रेघ आणि अक्षर काढलं. शब्द तोच. कळ दाबली. पुन्हा नावं धावली, तशीच फांदीवर फांदी, डहाळीवर डहाळी. गलगल्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते प्रिंटरमध्ये कागद भरत होते. या वेळी कागद जास्त लागणार होते. निदान चाळीस पानं, त्यांचा अंदाज होता. पन्नाससुद्धा.

प्रिंटर कुरकुरला आणि थांबला.

गलगल्यांनी पानं मोजली. अकरा.

पुन्हा मोजली.

“महाराज, तुम्ही तेच पुन्हा छापलंत.”

“नाही.”

“अहो, अकराच पानं आहेत!”

“हो.”

“म्हणजे रेघ राहिली. ती काढायची राहिली तुमच्याकडून.” स्वतःचा आवाज वाकडा होतोय हे त्यांना कळत होतं, पण तो सरळ होईना. “किंवा प्रिंटरने जुनंच काढलं. हा प्रिंटर नेहमी असंच करतो. गेल्या उत्सवाला त्याने दोनशे पत्रकांवर मागच्या वर्षीची तिथी छापली होती. पुन्हा करा, महाराज. मी बघतो.”

बुवांनी पुन्हा केलं. या वेळी गलगले पडद्यावर नाक टेकवून उभे होते. शब्द. रेघ नाही. अक्षर नाही. कळ.

पुन्हा अकरा पानं.

“लपलेल्या फायली असतात,” गलगले घाईघाईने म्हणाले. “मी वाचलंय. काही फायली यादीत येत नाहीत, त्यांना मुद्दाम बोलवावं लागतं.”

“असतात.”

“मग बोलवा ना!”

बुवांनी रेघ दिली, दुसरं अक्षर दिलं, बोलावलं. अकरा पानं.

“दुसऱ्या संगणकावर असतील...”

“दुसरा संगणक कुठाय मठात?” स्वयंपाकघरातून अंबूताईंचा आवाज आला. “असता तर पुसायला मलाच लागला असता.”

बुवा उठले. पहिली अकरा पानं त्यांनी डाव्या हातात घेतली, फक्त फोल्डरांची. शेवटची अकरा उजव्या हातात, सगळ्याची. दोन्ही हात पुढे करून ते उभे राहिले, भाजीवाला तागडी धरतो तसे. हात वरखाली झाले नाहीत. समसमान राहिले.



गलगल्यांनी उजव्या हातातली पानं ओढून घेतली. शेवटचं पान उलटलं. शेवटची ओळ.

सहाशे अकरा फोल्डर. तीन फायली.

बाहेर कुठेतरी बादली घासल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत गलगले तीच ओळ वाचत होते.

“हे चूक आहे,” ते म्हणाले. पण चष्मा पुसायला हात गेला नाही.

ते खाली बसले, फरशीवरच, आणि पेन्सिल घेऊन पानन् पान तपासू लागले. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत आहे आणि दुसरीत नाही, अशी ओळ शोधायची. सहाव्या पानावर पहिली सापडली: ‘वर्गीकरणाचे धोरण, मसुदा चौदावा’. ती त्यांनीच लिहिलेली. आठव्यावर दुसरी: ‘माईक चाचणी’. आणि अकराव्या पानाच्या तळाशी, ‘संशयास्पद’च्या आत ‘निर्णय बाकी’, त्याच्या आत ‘तूर्त’, त्याच्या आत ‘तूर्त दोन’, आणि तिथे, चार थर खोल, एक नाव नसलेली फाइल. नुसता दिनांक. सहा वर्षांपूर्वीचा, आषाढातला.

“ही एक आहे,” गलगले म्हणाले. आवाज बारीक झाला होता. “हे पद आहे. बघा, महाराज, आहे पद! मी म्हटलं ना...”

बुवांनी ती फाइल लावली.

आधी खरखर. मग एक श्वास.

आणि खोलीत निरंजनबुवांचा आवाज उभा राहिला.

सहा वर्षांपूर्वीचा आवाज. मोठा, गोल, छपरापर्यंत पोचणारा. *पाण्यावरी रेघ ओढिली... तीच वाट म्यां धरिली...* दुसऱ्या ओळीला तो आवाज अचानक खाली उतरला, जिथे कोणी उतरेल असं वाटलं नसतं तिथे. स्वयंपाकघरातली भांडी थांबली. अंबूताई पदराला हात पुसत दारात आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. वर्षभरात त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता.

बुवा खिडकीबाहेर पाहत होते. दुसऱ्याचं गाणं ऐकावं तसे.

*पाऊल टाकिता मोडिली...*

“थांबा, थांबा महाराज!”

हा दुसरा आवाज यंत्रातूनच आला. जरा उत्साही, जरा धास्तावलेला.

“थांबा हं एक मिनिट. हे नेमकं कुठे घालायचं? म्हणजे चाल उत्तरांगाची वाटते, पण उतरताना प्रहर बदलल्यासारखा होतो. हे आधी ठरवलेलं बरं. नाहीतर मागाहून फार घोटाळा होईल. एक नवा फोल्डर करतो. थांबा...”

खट्.

फाइल संपली. एक्केचाळीस सेकंद.

गलगले पडद्याकडे बघत राहिले. यंत्र आपणहून पुढचं वाजवील अशा आशेने.

“पुढे?” ते म्हणाले. “पुढे काय झालं त्या दिवशी?”

“फोल्डर केलात.”

“आणि?”

“छान केलात. मी जेवायला गेलो.”

“आणि नंतर? दुसऱ्या दिवशी? त्यानंतर तुम्ही गायला असाल. मी रोज बसत होतो, महाराज. रोज! यंत्र लावून बसत होतो. मला आठवतंय ना, तुम्ही गायला सुरुवात केलीत की मी...”

त्यांना आठवलं. एकेक दिवस आठवला. बुवा तोंड उघडत आहेत आणि आपला हात वर जातोय. थांबा, महाराज. हा पाठभेद की निराळंच पद? थांबा, महाराज. याला ऋतू धरायचा की प्रसंग?

त्यांचं एकच पुस्तक छापून आलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी. दोनशे सतराव्या पानावर एक भारूड चुकीच्या प्रकरणात गेलं होतं. एका परीक्षणकर्त्याने ते दाखवून दिलं, दीड ओळीत, काहीशा विनोदाने. ती दीड ओळ गलगल्यांना अजून पाठ होती. त्यानंतर त्यांनी कुठलीच गोष्ट कुठेच ठेवली नव्हती. ठेवण्याच्या जागा मात्र करत राहिले होते.

“तुम्ही मला अडवायचं होतंत!” ते एकदम ओरडले. फरशीवर बसूनच. “सहा वर्षं, महाराज! सहा वर्षं तुम्हाला दिसत होतं. तीन दिवस गप्प बसलात ते बसलात, पण सहा वर्षं? गुरू ना तुम्ही? मग एकदा तरी मला म्हणायचंत, गलगले, थांबा! एकदा का नाही थांबवलंत?”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. वैतागाने म्हणता येईल. म्हातारी माणसं उशिरा येणाऱ्या गाडीकडे बघतात तशा.

“तुम्ही मला थांबवत होतात,” ते म्हणाले.

...

अंबूताईंनी रिकामा पेला उचलला. जाता जाता त्या म्हणाल्या, तशा कोणालाच उद्देशून नाही, “परवा बुवांचं तोंड बंद होणार. आणि हे दोघं सकाळपासून त्या काळ्या पाटीसमोर. जेवायला वाढते. येतील तेव्हा येतील.”

पण त्या आत गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

गलगले उठले. गुडघा वाजला. खिशातून फोन काढला, तो टेबलावर ठेवला, तिथून उचलून खुर्चीवर ठेवला, खुर्चीवरून पाटावर. पंखा बंद केला. खिडकी लावली. मग वाटलं, बुवांना गुदमरेल. खिडकी उघडली. बाहेर पोपट ओरडत होते. पुन्हा लावली.

“महाराज, गा,” ते म्हणाले. “कुठलंही. गळ्याला सोसेल तेवढं. दोन दिवस आहेत. एकशे चाळीस होणार नाहीत, मला कळतंय. वीस होतील. दहा. डॉक्टरांनी गाऊ नका म्हटलंय का?”

“जपून म्हणाले.”

“मग जपून.”

“कशासाठी?”

गलगल्यांनी फोनवरचं लाल चिन्ह दाबलं. रेकॉर्डिंग सुरू झालं.

बुवा पाटासमोर मांडी घालून बसले. डोळे मिटले. पहिला सूर लागला नाही, नुसता वारा आला. दुसराही फाटला. तिसऱ्याला बुवांनी गळ्याकडे लक्ष देणंच सोडलं असावं, कारण त्यानंतर सूर जसा येईल तसा येऊ लागला, खरबरीत, मधेच नाहीसा होणारा, पण चाल धरून. तेच पद होतं. आषाढातलं. पाण्यावरच्या रेघेचं.

तिसऱ्या ओळीपर्यंत गलगल्यांना माहीत होतं. तिथून पुढे त्यांनी हे कधी ऐकलंच नव्हतं.

चाल वळली. खाली उतरलेली पुन्हा वर आली, आणि वर येताना निराळ्याच अंगाने आली. हे ‘उत्तरांग’ नव्हतं. ‘पूर्वांग’ही नव्हतं. सहाशे अकरांपैकी एकाही नावात हे मावत नव्हतं, हे गलगल्यांना लगेच कळलं, आणि सवयीने त्यांचा उजवा हात वर उठला.

तो त्यांनी डाव्या हाताने खाली ओढला. मांडीखाली दाबून धरला.

बुवा डोळे मिटून गात होते. चौथ्या ओळीला खोकला आला. ते थांबले, थुंकी गिळली, आणि ओळ पहिल्यापासून घेतली. पाचवी. सहावी. शेवटच्या ओळीवर आवाज इतका बारीक झाला की तो ऐकायला गलगले पुढे वाकले. अंबूताईही दारातून दोन पावलं आत आल्या.

संपलं.



गलगल्यांनी फोनवरचं लाल चिन्ह पुन्हा दाबून रेकॉर्डिंग थांबवलं. फोनने विचारलं: नाव?

त्याखाली रिकामी चौकट. चौकटीत एक उभी रेघ लुकलुकत होती.

गलगले चौकटीकडे बघत राहिले. ‘तूर्त’ लिहिलं. खोडलं. पदाचा पहिला शब्द लिहिला. मग वाटलं, याच शब्दाने सुरू होणारी आणखी दोन पदं बाडात आहेत, मागाहून घोटाळा होईल. खोडलं. 

“महाराज,” ते केविलवाण्या आवाजात म्हणाले, “याला नाव काय देऊ?”

बुवांनी हात पुढे केला, फोन उचलला, आणि पाटावर पालथा घातला.

“म्हणा,” ते म्हणाले.

“काय म्हणू?”

“आत्ता ऐकलंत ते.”

गलगल्यांनी अंबूताईंकडे पाहिलं. अंबूताईंनी खाली बघितलं.

“तसं नव्हे, महाराज,” गलगले म्हणाले. “मी अभ्यासक आहे. मी ते समजून घेऊ शकतो, त्यावर लिहू शकतो. पण गळा... मी शाळेतसुद्धा प्रार्थनेला नुसते ओठ हलवायचो. सत्तरी उलटली माझी. मला गाता येत नाही.”

बुवांनी श्वास घेतला. तो आत जाताना घासल्यासारखा वाजला.

“परवापासून मलाही येणार नाही,” ते म्हणाले. “म्हणा.”